नीसची फुले आणि अक्काचा खण

मी नीसला जाणार असे कळताच आमच्या स्टाफरूममध्ये एकदम चैतन्य आले. फ्रान्सचा दक्षिण किनारा, निळा समुद्र, श्रीमंतांची चैन हे सगळे त्या एका नावात साठवलेले असते. अशा ठिकाणी मराठीच्या प्राध्यापकाचे काय काम, हा प्रश्न तोंडाने कुणी विचारला नाही, पण चहाच्या कपाआडून दिसलेल्या भुवयांनी तो पुरेसा विचारला.

काम अगदी घरगुती होते. माझी थोरली बहीण, आमची अक्का, दोन वर्षांपूर्वी साताऱ्याचे घर बंद करून मुलाकडे राहायला गेली. भाचा नीसजवळच्या सोफिया आंतिपोलिस या उद्योगनगरीत संगणकाच्या नोकरीत आहे. गेल्या हिवाळ्यात अक्काला अर्धांगाचा झटका आला. जिवावरचे शेपटीवर निभावते म्हणतात. अक्काचे ते उजव्या हातावर निभावले. मे महिन्याची सुटी लागली आणि मी तिला भेटायला निघालो.

घर तिसऱ्या मजल्यावर. सज्जातून दोन इमारतींच्या फटीत समुद्राची बोटभर निळी पट्टी दिसे. अक्का दिवसभर त्या सज्जात खुर्ची टाकून बसे आणि डाव्या हाताने उजवा हात मांडीवर धरून ठेवी. पन्नास वर्षे याच हाताने तिने दारात रोज रांगोळी घातली होती. ठिपके मोजताना तिला कधी कुणी पाहिले नाही. हात आपला आपण जाई आणि शेवटची ओळ बरोबर जुळे.

"मामा, आई काही म्हणजे काहीच करत नाहीत हो," भाचेसून स्वयंपाकघरात हलक्या आवाजात म्हणाली. "डॉक्टर म्हणतात डाव्या हाताला काम द्या. मी मटार सोलायला दिले, तर त्यांनी ताट बाजूला सारलं."

घरात दोन मुले. थोरली नऊ वर्षांची, धाकटा सहा. मी त्यांचा मामाआजोबा. सेहेचाळीसाव्या वर्षी कुणी आजोबा म्हणून हाक मारली की माणूस नकळत पोट आत घेतो. धाकटा डावखुरा. जेवताना त्याने डावा हात पुढे केला की अक्का म्हणे, "अरे, उजव्या हातानं!" आणि मग आपल्याच हाताकडे पाहून गप्प होई. थोरलीची तऱ्हा निराळी होती. मोठ्या हौसेने चित्र काढायला बसायची, एक पाकळी काढायची, खोडायची, पुन्हा काढायची, पुन्हा खोडायची. शेवटी कागदाला भोक पडे. मग "मला येत नाही" म्हणून वही मिटायची. तिचे मराठी तसे मोडकेतोडके, पण हे तीन शब्द मात्र अगदी स्वच्छ येत.

जुन्या नीसमध्ये कूर सालेया नावाचा एक लांबट चौक आहे. तिथे सोमवार सोडून रोज फुलांचा बाजार भरतो. पट्ट्यापट्ट्यांच्या कापडी छताखाली गुलाब, पिओनी, अ‍ॅनिमोन, नावे ठाऊक नसलेली आणखी कितीतरी फुले बादल्यांतून उभी असतात. आपल्या मंडईत फुलांचा वास आधी येतो आणि मग फुले दिसतात. इथे रंग आधी अंगावर येतो. त्याच गल्ल्यांत हरभऱ्याच्या डाळीच्या पिठाचे मोठ्या तव्यावर भाजलेले एक खाद्य मिळते. त्याला सोका म्हणतात. मी कागदात बांधून घरी नेले. अक्काने तुकडा मोडून तोंडात टाकला आणि म्हणाली, "हे तर बेसनाचं धिरडं. मिरची विसरले वाटतं." आठवड्याभरात तिने एवढे लांब वाक्य पहिल्यांदाच उच्चारले होते.

या चौकाच्या एका टोकाला पिवळ्या रंगाचे एक उंच घर आहे. आंरी मातिस या चित्रकाराने १९२१ ते १९३८ पर्यंत तिथे बिऱ्हाड केले होते. उत्तर फ्रान्समधला हा माणूस. जन्म १८६९ चा. लहानपण बोअँ या विणकरांच्या गावात गेलेले. आधी वकिलाच्या कचेरीत कारकुनी करी. विशीत पोटाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला, तेव्हा वेळ जावा म्हणून आईने रंगांची पेटी आणून दिली आणि त्या पेटीने एक वकील कमी केला. १९१७ च्या अखेरीस तो नीसला आला तेव्हा रोज पाऊस. कंटाळून जायला निघाला, तोच ढग पांगले. तो उजेड पाहून राहिला तो बहुतेक आयुष्यभर.

वीस वर्षे वर्गात सौंदर्यशास्त्रावर बोलत आलो, पण हातात ब्रश शेवटचा धरला तो शाळेत. तेव्हा मातिसविषयी माझे ज्ञान पुस्तकी आणि त्यातही काळ्यापांढऱ्या छायाचित्रांपुरते होते. मातिसच्या बाबतीत काळेपांढरे छायाचित्र म्हणजे मुक्याने सांगितलेले गाणे.

फ्रान्समध्ये पुष्कळ ठिकाणी प्राथमिक शाळांना बुधवारी सुटी असते. त्या बुधवारी दोन्ही मुलांना घेऊन मी सिमियेच्या टेकडीवर गेलो. वर रोमन काळातल्या रंगभूमीचे अवशेष आहेत, ऑलिव्हच्या झाडांची राई आहे, आणि राईच्या पलीकडे सतराव्या शतकातली एक तांबूस हवेली. तिच्यात १९६३ पासून मातिसचे संग्रहालय आहे. जवळच्याच मठाच्या दफनभूमीत तो १९५४ पासून विसावला आहे. ऑलिव्हखाली मुले लपंडाव खेळली आणि मी सदरा झटकत सावलीला बसलो, हे सांगायला हरकत नाही.

आत शिरल्यावर एका भिंतीपुढे धाकटा थबकला. 'फुले आणि फळे' नावाचे ते चित्र चार मीटरांहून उंच आणि जवळजवळ पावणेनऊ मीटर लांब आहे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर निळी, नारिंगी, हिरवी, पिवळी फुले. पाकळ्या जाड, कडा थोड्या वाकड्या. जवळ गेलो तर कळले की हे रंगवलेले नाही, कागद कापून चिकटवलेला आहे. कागदावरचे ब्रशाचे फटकारेसुद्धा दिसत होते.

"हे कात्रीनं केलंय?" धाकट्याने विचारले.

"कात्रीनं."

"मग ह्याची ही बाजू वाकडी का आहे?" थोरलीचा प्रश्न.

"कारण त्यानं खोडलं नाही."

तिने माझ्याकडे संशयाने पाहिले. मोठी माणसे आपल्या सोयीची कला शोधून काढतात, असे तिला वाटले असावे.

बाहेर येऊन राईत बसलो आणि मी मुलांना ती गोष्ट सांगितली. १९४१ साली लियाँ शहरात मातिसवर कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाली. वय एकाहत्तर. वाचला, पण पुढची तेरा वर्षे बहुतेक पलंगावर किंवा चाकांच्या खुर्चीत. मदतनीस कोऱ्या कागदांना अपारदर्शक जलरंग फासून देत. आपल्याकडच्या पोस्टर रंगासारखाच तो. मग हा मोठी कात्री घेऊन सरळ रंगीत कागदातच आकार कापत सुटे. शिल्पकार जसा थेट दगडाला हात घालतो तसे हे आहे, असे त्याचे म्हणणे. कापलेले तुकडे मदतनीस भिंतीवर टाचण्यांनी लावत. हा खुर्चीतून सांगे: वर, खाली, थोडे डावीकडे. कित्येक दिवस तुकडे हलत राहत आणि मग कधीतरी डिंक लागे. हे सगळे याच टेकडीवरच्या रेजिना नावाच्या प्रचंड इमारतीत चाले. पूर्वी ते हॉटेल होते आणि इंग्लंडची व्हिक्टोरिया राणी तिथे हिवाळ्यात येऊन राहिली होती. १९५२ साली तिथल्या भिंतीवर त्याने पाने, फळे आणि एक पोपट लावला. चालता येत नाही तेव्हा फिरायला बाग हवी म्हणून ती केली, असे तो सांगे. 'फुले आणि फळे'ही त्याच सुमाराचे. कॅलिफोर्नियातल्या एका घराच्या अंगणासाठी केलेल्या आराखड्यांपैकी हा एक, पण त्या मंडळींनी शेवटी पसंत केला तो दुसराच. गिऱ्हाइकाने परत केलेला माल संग्रहालयाची शान होऊन बसला आहे.

शनिवारी भाच्याने सगळ्यांना मोटारीतून वाँसला नेले. नीसपासून वीसेक किलोमीटरवरचे हे डोंगरातले गाव. युद्धकाळात, १९४३ मध्ये, मातिस नीस सोडून इथे राहायला आला होता. आजारपणात त्याची शुश्रूषा केलेली एक तरुण मुलगी पुढे जोगीण झाली. तिच्या मठाला प्रार्थनामंदिर हवे होते. मातिस फारसा देवभोळा नव्हता, पण १९४८ पासून जवळजवळ चार वर्षे त्याने या एका लहानशा इमारतीला दिली. खिडक्या, भिंती, वेदी, पाद्र्यांचे झगेसुद्धा त्याचे. खिडक्यांचे आराखडे अर्थातच कागद कापून केलेले. भिंतींवरची चित्रे काढताना तो लांब बांबूच्या टोकाला कोळसा बांधी. २५ जून १९५१ ला मंदिराचा अर्पणविधी झाला, तेव्हा एक्याऐंशी वर्षांचा मातिस आजारपणामुळे हजर नव्हता.

बाहेरून पाहिले तर साधे पांढरे घर. अक्का काठी टेकत, कुरकुरत आत आली. अकराचा सुमार होता. खिडक्यांत तीनच रंग: पिवळा, हिरवा, निळा. पिवळी काच धुरकट, बाकीच्या दोन आरपार. समोरच्या पांढऱ्या फरशांच्या भिंतीवर काळ्या रेघांची चित्रे, आणि त्या सगळ्यावर उन्हाने सांडलेला निळा-हिरवा रंग. धाकटा जमिनीवर उकिडवा बसला आणि निळा डाग उचलू लागला. डाग त्याच्या हातावर चढला. त्याने मूठ मिटली, उघडली, आणि आजीच्या मांडीवरच्या त्या निजलेल्या हातावर आपला निळा तळवा ठेवला. अक्का वेदीमागच्या खिडकीकडे पाहत होती.

"हा निवडुंग आहे," ती म्हणाली. "आपल्या बांधावरचा."

खरेच तो निवडुंग होता. मातिसने त्याला जीवनवृक्ष म्हटले आहे.

"कुणी केलं रे हे?"

"होता एक म्हातारा. खुर्चीत बसून, कात्रीनं."

"हं," अक्का म्हणाली. परत येताना ती गाडीत बोलली नाही. पण मी पाहिले, तिचे डावे बोट मांडीवर काहीतरी गिरवीत होते.

रविवारी आम्ही कारखाना काढला. पहिला दिवस नुसता कागद रंगवण्यात गेला. जाड कागद, मोठा ब्रश, एका कागदाला एकच रंग, हा नियम. रंगात पाणी कमी घालावे, नाही तर कागद पापडासारखा उठतो. आमचे पहिले चार उठले. ओले कागद कपडे वाळत घालायच्या घोडीवर चिमट्यांनी लावले. समोरच्या सज्जातल्या फ्रेंच बाई बराच वेळ पाहत होत्या. हिंदी लोकांत रविवारी असाच काही विधी असतो, असे त्यांनी ठरवले असावे.

दुसरा नियम, पेन्सिल कपाटात. थोरलीने त्याला कडाडून विरोध केला.

"मग चुकलं तर?"

"चुकलं तर त्याचं पान करायचं."

तिने श्वास रोखून कात्री चालवली. पहिले फूल बटाट्यासारखे झाले. तिने ते चुरगळायला घेतले, तेवढ्यात धाकट्याने खालचा उरलेला कागद उचलून डोळ्याला लावला. "इथे फुलाचं भोक आहे!" म्हणाला. भोकाचा आकार फुलापेक्षा देखणा होता. मातिसही कापून उरलेले कागद टाकत नसे. बटाटा पान झाला, आणि भोक निळ्या कागदावर ठेवताच निळे फूल झाले. त्यानंतर थोरलीला आवरणे कठीण गेले.

बुधवारपर्यंत मुलांनी घर पालथे घातले. पुण्याहून आलेल्या लग्नपत्रिकेचा सोनेरी काठ, चहाच्या पुड्याची चांदी, कालनिर्णयाची जुनी पाने, कांद्याची साले. कालनिर्णयाच्या आकड्यांची पाने झकास होतात. एका देठाला एकादशी आणि दुसऱ्याला संकष्टी लागली. कांद्याचे साल वाळले की कुरळे होते, ते झेंडूला चालते. बोगनवेलीची फुले मुळात कागदासारखीच, पण चार दिवसांत रंग सोडतात, तेव्हा त्यांच्या भरवशावर राहू नये. खळ मी स्वतः शिजवली: मैदा पाण्यात सारखा करायचा, मंद आचेवर ढवळत राहायचे, काचेसारखा झाला की उतरवायचा. पूर्वी बुकबाइंडर तीत मोरचूद घालीत. मुलांच्या हाती द्यायची म्हणून आम्ही घातला नाही. धुलाईयंत्राच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा भिंतीला टेकवला, त्यावर पांढरा कागद ताणला आणि तुकडे टाचण्यांनी लावायला सुरुवात केली.

कापड हवे, असे थोरली म्हणाली. मातिसकडेही पेट्या भरून कापडे असत, हे मीच तिला सांगितले होते. भाचेसून कामावर गेली होती, अक्का दुपारची निजली होती. मी अक्काची पेटी उघडली. वर एक घडी होती, किरमिजी अंगाची, हिरव्या काठाची. जुन्या चोळीचा तुकडा वाटला, घडीवर थोडा विरलेलाही होता. मी तो धाकट्यापुढे टाकला आणि खळ ढवळायला गेलो. परत आलो तो त्याने आपल्या हिरव्या मुठीच्या कात्रीने बरोबर मध्यातून एक फूल काढले होते. पाच पाकळ्या, सहावी अर्धी.

अक्का दारात उभी होती.

ती ओरडली नाही. तिने काठी भिंतीला टेकली, कापड डाव्या हातात घेतले आणि भोकातून बोट फिरवले.

"माझ्या डोहाळजेवणाचा खण," ती म्हणाली. "आईनं ओटीत घातला होता. शिवला नाही मी. आईचा हात लागलेला होता रे त्याला."

ती आई माझीही आई. गुळेदगुड्डचा खण ती कुठून मागवी, घडी कशी घाली, हे मी लहानपणी शंभरदा पाहिले असेल. घडी हातात आली आणि मला ओळखता आली नाही. अक्का रात्री जेवली नाही. धाकट्याला आईने रागावून निजवले. खरा अपराधी तर ताटावर बसून आमटी भुरकत होता. आमटीही धड गिळवली नाही. मध्यरात्री उठून मी तो खण दिव्याखाली उलगडला. उभे धागे तांबडे, आडवे काळसर, हलवले की रंग बदलत होता. भोकातून खालची फरशी दिसत होती.

सकाळी चहा घेऊन बाहेर आलो तो काठीचा टकटक आवाज. अक्का पुठ्ठ्यासमोर खुर्ची ओढून बसली होती. थोरली रात्रीच्या कपड्यांतच भिंतीशी उभी. खणाचे फूल कुणीतरी टाचणीने खालच्या कोपऱ्यात लावून ठेवले होते. रात्री रडून झाल्यावर धाकट्याने लावले, असे नंतर कळले.

"ते तिथे नको," अक्का काठीने दाखवीत होती. "ठिपका सुटलाय. वर घे. आणखी वर. ते पिवळं बाजूला कर. हां."

थोरलीला निम्मे शब्द कळत नव्हते, पण काठी कळत होती. तासभर दोघींचे हेच चालले. त्या दिवशी थोरली शाळेत उशिरा पोचली आणि तिच्या आईने घड्याळाकडे पाहून न पाहिल्यासारखे केले.

दुपारी अक्काने कात्री मागितली. डाव्या हातात धरली, कागद घातला, पण कागद कापण्याऐवजी दुमडून पात्यांत अडकला. दोनदा झाले, तिसऱ्यांदा तिने कात्री टेबलावर आपटली. नेहमीच्या कात्रीची पाती उजव्या हाताच्या दाबाने एकमेकांना घासतात. डाव्या हातात तीच पाती फाकतात. मला हे माहीत नव्हते. घरात ते एकालाच माहीत होते. धाकटा शाळेतून आला, दोन मिनिटे लांबून पाहत उभा राहिला, मग दप्तरातून आपली हिरव्या मुठीची कात्री काढून घेऊन आला. ती डावखुऱ्यांसाठीच केलेली असते.

"आजी, अंगठा इथे," तो म्हणाला. "आणि कागद फिरवायचा. कात्री नाही फिरवायची."

"कागद कशानं फिरवू रे?"

त्याने कागद धरला. ती कापत गेली, तो फिरवत गेला. फूल वाकडेतिकडे झाले, देठाशी दातेरी. रात्री जेवताना धाकट्याने डावा हात पुढे केला. अक्काने पाहिले आणि त्याला आमटी वाढायला सांगितली.

मी निघण्याच्या आदल्या दिवशी तुकडे चिकटवले. थोरली खळ लावी, मी फडक्याने दाबत जाई. बागेत तेवीस फुले झाली, पाने मोजली नाहीत. अक्काची चार. उरलेला खण तिने भोकासकट घडी करून पेटीत ठेवला आणि किल्ली, माझ्याकडे एकवार पाहून, कमरेला खोचली. खणाच्या फुलाला मी खळ लावायला घेतली, तेव्हा तिने काठी मध्ये घातली.

"त्याला नको लावू. अजून हलवायचंय."

परवा भाच्याचा फोन आला होता. फूल टाचणीवरच आहे. सध्या डाव्या बाजूला, निवडुंगाच्या वर.